पालावरच्या कुटुंबांसाठी काम करायचं तर: शिधा, कागद आणि जागा

मराठवाड्यात बहुतेक तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागं, मोंढ्याच्या भिंतीला लागून किंवा रेल्वेफाटकाजवळच्या पडीक जागेत दहा-वीस पालं पडलेली असतात. वडार, कैकाडी, मसणजोगी, गोपाळ, पारधी, घिसाडी, डवरी गोसावी अशी कुटुंबं, आणि त्यांच्या शेजारी दुष्काळानं नाहीतर कर्जानं गाव सुटलेली माणसं. गावातली भली मंडळी दिवाळीला फराळ आणि जानेवारीत ब्लँकेटं वाटतात. त्या रात्री कुणाच्या तरी लेकराला ऊब मिळते, ते मोलाचंच आहे. पण फराळ आठ दिवसांत संपतो आणि पुढच्या दिवाळीला तेच कुटुंब त्याच पालात असतं. रेशन, निराधारचा पगार, शाळा, घरकुल या सगळ्यांची वाट कागदांवरून जाते, आणि कागद काढायला लागणारे दिवस रोजंदारीवरच्या माणसाकडे नसतात. एका दाखल्यासाठी तीन हेलपाटे म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून तुमच्या मंडळाकडे वर्षाला शंभर तास असतील, तर वीस तास वाटपाला द्या आणि ऐंशी कागदाला.

माणसं आणि वही

आठ-दहा जण पुरतात. त्यांत एक निवृत्त तलाठी, ग्रामसेवक किंवा शिक्षक हवा, कारण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्याला पाठ असतं. एक ऑनलाइन अर्ज भरता येणारा तरुण, एक टमटम किंवा छोटा हत्ती असलेला, आणि दोन तरी बायका. बायका नसतील तर गरोदरपण, बाळंतपण, नवऱ्यानं टाकून दिलेली बाई यातलं काहीच वहीत येणार नाही. नोंदणीकृत संस्था नसेल तर धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीविना जाहीर वर्गणी गोळा करू नका. दुकानदाराकडून थेट वस्तू घ्या, बिल त्याच्याच नावानं राहू द्या.

पालावर सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. मधल्या वेळेत कर्ती माणसं मजुरांच्या नाक्यावर, भंगार वेचायला किंवा फेरीवर गेलेली असतात आणि मागं म्हातारी आणि लेकरंच राहतात. पहिल्या फेरीत मोबाइल खिशातच ठेवा. अनोळखी माणसानं येऊन फोटो काढला की तो पोलिसांचा किंवा जागा खाली करायला आलेल्यांचा असेल, हीच पहिली शंका येते. ही शंका अनुभवातून आलेली असते, तिचा राग धरू नका.

दोनशे पानी वहीत एका कुटुंबाला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर माणसं: हाक मारायचं नाव, कागदावरचं नाव, वय, मूळ गाव, इथं कधीपासून, वर्षातून कधी आणि कुठं जातात. उजव्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे कागद: जन्माचा दाखला, आधार, रेशन, मतदार, बँक, शाळा, जात. इथं बहुतेक मंडळी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहितात आणि फसतात. ‘नाही’चे चार वेगळे अर्थ आहेत. कधी काढलंच नाही, गावाकडं राहिलंय, हरवलं किंवा भिजलं, आणि चौथं म्हणजे सावकाराकडं किंवा मुकादमाकडं अडकलंय. पहिल्याला नवी नोंदणी लागते, दुसऱ्याला एसटीचं तिकीट, तिसऱ्याला प्रत आणि चौथ्याला सोबत येणारी दोन धीट माणसं. चौथं उत्तर पहिल्या भेटीत कुणी देत नाही. तिसऱ्या-चौथ्या चहाला ते बाहेर येतं, तोवर रकाना कोरा ठेवा.

ही वही कुणालाही देऊ नका, पोलीस चौकीलाही नाही आणि पुढाऱ्यालाही नाही. मूळ कागद स्वतःकडं एक रात्रही ठेवायचे नाहीत. तहसीलमधून आलात की त्याच संध्याकाळी परत करा.

शिधा: किती आणि कसला

दोन मोठे आणि तीन लेकरं अशा कुटुंबाला पंधरा दिवसांसाठी: ज्वारी १६ किलो, तांदूळ ६ किलो, तूरडाळ ३ किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे, गूळ, साखर आणि मीठ प्रत्येकी १ किलो, चहापत्ती पाव किलो, लाल तिखट पाव किलो, हळद १०० ग्रॅम, अंगाचे ३ आणि कपड्याचे ४ साबण. डाळीचा हिशेब माणशी रोज ४० ग्रॅमचा आहे. ती कमी करून बिस्किटाचे पुडे भरायचा मोह होतो, तो टाळा.

ज्वारी धान्य म्हणूनच द्या, पीठ देऊ नका. दळून ठेवलेल्या ज्वारीची विरी जाते. भाकर थापताना काठ फाटतात, तव्यावर तुकडे पडतात आणि उन्हाळ्यात तर पीठ कडूही होतं. बाई ते निमूट घेते आणि लेकरांना भात घालते. गिरणीचं दळण हा तिच्यासाठी खर्चच असतो, म्हणून जवळच्या गिरणीवाल्याशी बोलून चिठ्ठीवर दळण द्यायची सोय करा.

हा सगळा बोजा तीस-बत्तीस किलोचा होतो. मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवून वाटलात तर कडेवर लेकरू घेतलेली बाई तो न्यायची कशी? रिक्षाला तिचेच पैसे जातात. शिधा पालापर्यंत पोचवा, आणि सोबत घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा द्या. घुशी आणि ओल यांच्यापुढं पोत्यातलं धान्य टिकत नाही.

लहान बाळांसाठी दुधाची पावडर आणि बाटल्या वाटू नका. पालावर पाणी उकळायला सरपण नसतं, बाटली धुवायला धड पाणी नसतं. बाळाला जुलाब लागतात, आणि आईचं दूध पाजणं कमी झाल्यानं तेही आटतं. त्याऐवजी पाजणाऱ्या आईच्या शिध्यात शेंगदाणे आणि गूळ किलो-किलोनं वाढवा.

शिधा सरसकट दर महिन्याला देऊ नका. काम बंद पडलेल्या झडीच्या दिवसांत, बाळंतपणात, घरातला कर्ता दवाखान्यात असताना द्या. रेशन सुरू झालं की थांबवा, आणि तसं आधीच सांगून ठेवा.

पावसाआधी पाल बांधून घेणं

हे काम मृग निघण्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात उरका. बाजारातली निळी पातळ ताडपत्री स्वस्त असते म्हणून वीस कुटुंबांना वीस घेतल्या जातात आणि पहिल्या वादळी पावसात त्यांच्या चिंध्या होतात. ताडपत्री किमान २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) घ्या आणि कडेच्या कड्यांना आतून दोरी शिवलेली आहे का ते बोटानं चाचपून पाहा. दोरी नसेल तर वाऱ्याचा सगळा ताण कडीवर येतो आणि ती ताडपत्रीच्या तुकड्यासकट उपटून निघते. १० बाय १२ फुटांच्या जागेवर सहा फूट उंच आढं धरलं, तर दोन्ही उतार मिळून साधारण सोळा फूट होतात, वर दोन्हीकडं फूटभर जमिनीला टेकायला हवं. मागची बाजूही झाकायची म्हणजे १८ बाय २४ची ताडपत्री लागते. आढ्याच्या बांबूला गोणपाट गुंडाळा. बांबूच्या पेरावर घासून ताडपत्री सगळ्यात आधी तिथंच फाटते.

वरून येणाऱ्या पाण्यापेक्षा खालून येणारं पाणी जास्त छळतं. आपली काळी जमीन एकदा भिजली की आठवडाभर सुकत नाही. पालाच्या आतल्या जागेवर अर्धा फूट मुरूम टाकून चोपा. १० बाय १२ला ६० घनफूट लागतो, म्हणजे तीन पालांना दोन ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) धरा. भोवती वीतभर खोल आणि तेवढीच रुंद चर काढा, चढाकडच्या बाजूला थोडी जास्त खोल. चरीचं तोंड शेजारच्या पालाकडं नको. यावरून भांडणं होतात, आणि ती रास्त असतात.

थंडीसाठी एक गोष्ट. परभणीकडं डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो, आणि पालात गारठा जमिनीतून येतो. पातळ ब्लँकेट वरून दोन दिलीत तरी पाठ गारच. जाड चटई किंवा फोमची पट्टी खाली द्या. जुन्या सुती साड्या गोळा करून वाकळा शिवून घेता आल्या तर उत्तमच. शिवणाऱ्या बायका पालावरच भेटतात, त्यांना शिलाईची मजुरी द्या.

कागदांचा क्रम

क्रम चुकला की हेलपाटे दुप्पट होतात. मोठ्या माणसासाठी आधार, मग बँक, मग उत्पन्नाचा दाखला, मग रेशन, मग निराधार, आणि या सगळ्यांसोबत हळूहळू जातीचा दाखला. लेकरासाठी सुरुवात जन्माच्या दाखल्यापासून.

आधारला पहिला प्रश्न एकच: ‘आधी कधी बोटं दिली होती का?’ हरवलेल्या आधारऐवजी नवी नोंदणी करणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळतात, अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो आणि दोन-तीन महिने वाया जातात. शंका असली तरी नोंद आधीच आहे असं धरून केंद्रावर जुना नंबर शोधून घ्या. चौकशीसाठी १९४७ हा नंबर आहे. खरोखरच पहिली नोंदणी असेल तर ती मोफत असते. पत्त्याचा पुरावा नसणाऱ्याला आधारच्या ठरावीक नमुन्यात सरपंच, आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला चालतो. तो तीन महिनेच टिकतो आणि फोटोवर अर्धा शिक्का नसेल तर परत येतो. अठरा वर्षांवरच्या माणसाची पहिली नोंदणी ठरावीक केंद्रांवरच होते आणि महसूल खात्याकडून पडताळणी होते. याला काही महिने लागू शकतात, हे कुटुंबाला आधीच सांगा.

नावाची आणि जन्मतारखेची घाई करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. पालावरच्या कित्येकांची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण अंदाजानं नुसतं साल सांगितलेलं असतं. ते साल आठ वर्षांनी पुढचं पडलं असेल तर म्हातारीला श्रावणबाळ योजनेतला म्हातारपणाचा पगार आठ वर्षं उशिरा सुरू होतो. थोरल्या लेकाचं वय, कुठल्या दुष्काळाच्या आधी लग्न झालं, असे धागे जुळवून वय काढा आणि मगच दुरुस्तीचा अर्ज टाका.

आता बोटांचं. दगड फोडणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, भंगारात हात घालणाऱ्या माणसाच्या बोटाचं टोक नीट पाहा. कातडी चकचकीत झालेली, रेषा जवळपास पुसलेल्या, मधोमध भेग आणि भेगेत काळा मळ. मशीन अशा बोटाला ओळखत नाही आणि दुकानदार ‘थंब येत नाही’ म्हणून हात हलवतो. केंद्रावर जायच्या आदल्या चार रात्री खोबरेल लावायला सांगा. त्या सकाळी कोमट पाण्यानं आणि साबणानं हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. मशीनची काच पुसून घ्या. अंगठ्याचा हट्ट सोडा, दहाही बोटं करून पाहा. बहुतेक वेळा अनामिका किंवा करंगळी चालून जाते, कारण ती कामात कमी झिजते. चाललेलं बोट वहीत लिहून ठेवा. एकही चाललं नाही तर डोळ्याचं स्कॅन मागा.

बँकेत कुठलाच कागद नसलेल्या माणसालाही अधिकाऱ्यासमोर फोटो आणि अंगठा देऊन ‘लहान खातं’ उघडता येतं. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत आणि महिन्याला १० हजारांपर्यंतच पैसे काढता येतात. ते एक वर्षासाठी असतं, तेवढ्यात आधार आलं की नेहमीचं खातं करून घ्या. दोन खाती असतील तर सरकारी अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारी इथं सुटतात.

मतदार यादीसाठी पत्त्याचा कागद लागत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. बेघर माणसानं नमुना ६ भरताना झोपण्याची जागा लिहायची, मग बीएलओनं, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यानं, तिथं रात्री येऊन तो माणूस खरंच तिथं झोपतो का हे पाहायचं असतं, तेही एकाहून जास्त रात्री. त्या रात्री कुटुंब तिथं असेल एवढी काळजी घ्या. ओळखपत्र हातात आलं की तालुक्यात त्या कुटुंबाकडं पाहण्याची नजरच बदलते.

रेशन

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे, दुकानदाराला एक रुपयाही द्यायचा नाही. प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार. सहा माणसांपर्यंत अंत्योदय फायद्याचं, आठ-नऊ माणसं असतील तर प्राधान्य. आधी माणसं मोजा आणि मग काय मागायचं ते ठरवा.

मूळ गावच्या कार्डात नाव असेल तर तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथं नवं कार्ड निघत नाही. सुनांच्या बाबतीत हे हमखास अडतं, नाव माहेरच्या कार्डात राहिलेलं असतं. म्हणून माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातात अर्ज भरूनच द्या.

पुढची अडचण जास्त जिवावर येते. कार्ड निघतं, त्यावर बारा अंकी आरसी (रेशन कार्ड) नंबरही पडतो, आणि धान्य सुरू होत नाही. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं तो ठरवून दिलेला आकडा, भरलेला असतो. नाव वाढवायला जागा नसते. अशा वेळी पुरवठा शाखेत तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मयत, स्थलांतरित आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) न केलेली नावं कमी झाली की इष्टांक मोकळा होतो, त्या महिन्यात ज्याचा अर्ज टेबलावर आहे त्याचंच नाव चढतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका माणसानं जाऊन विचारायचं, तोच माणूस, तेच टेबल. घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली का तेही बघा, लेकरांची राहून जाते. तक्रारीला १९६७ हा नंबर आहे. आणि पोच न देणाऱ्या कार्यालयात महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५चं नाव शांतपणे घ्या. आवाज चढवला तर तुम्ही घरी जाता आणि तो राग पुढच्या वेळी त्या बाईवर निघतो.

निराधार

६५ वर्षांखालची विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी माणसं संजय गांधी निराधार योजनेत बसतात, ६५च्या पुढची श्रावणबाळमध्ये. महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांना आता २,५००. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, दिव्यांगांना ५० हजार. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्याला खरी परिस्थिती पालावर नेऊन दाखवा. ठोकळ आकडा टाकला की मर्यादा ओलांडते आणि अर्ज तिथंच मरतो. टाकून दिलेल्या बाईकडं घटस्फोटाचा कागद नसतोच, तिच्यासाठी स्थानिक चौकशीचा अहवाल मागा. पगार सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हाताऱ्यांना ते कुणी सांगत नाही आणि पगार गुपचूप बंद पडतो. वहीत त्या महिन्याच्या पानावर सगळ्यांची नावं एकत्र लिहून एकाच दिवशी टमटम भरून न्या.

लेकरं

शिक्षण हक्क कायदा २००९नुसार ६ ते १४ वयाच्या लेकराला वयाचा पुरावा नाही किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग मिळतो. मुख्याध्यापकांना आधी भेटा, लेकरांना नंतर न्या. दारातून परत पाठवलेलं लेकरू दुसऱ्यांदा यायला तयार होत नाही. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवलं तर ती महिनाभरात शाळा सोडते, म्हणून वयानुरूप वर्गाचा आग्रह धरा आणि संध्याकाळी तास-दीड तास वाचन घ्यायला कुणीतरी ठेवा.

जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. एक वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणूनच वहीत गरोदर बायांच्या अपेक्षित तारखा लिहायच्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी सोडतात त्या दिवशीच दाखल्याचं विचारा. १०२ची गाडी मोफत येते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक लेकराचा दंड आशाताईंच्या पट्टीनं मोजून घ्या. कोपर आणि खांदा यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर लेकरू तीव्र कुपोषित आहे. त्याला शिध्याच्या किटनं बरं करायला जाऊ नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. जुलाब, ताप किंवा सुजलेले पाय असतील तर सकाळची वाट पाहू नका. अंगणवाडीचा पोषण आहार तात्पुरत्या राहणाऱ्यांनाही मिळतो, सेविकेकडं नाव लावून घ्या.

जात आणि जागा

जातीच्या दाखल्याला भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. वर्षानुवर्षं फिरत राहिलेल्या माणसाकडं तो कुठून असणार? तरी शोध सोडू नका. आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांपैकी कुणी शाळेची पायरी चढलं असेल तर तिथला प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जुन्या नोंदी उर्दूत, काही मोडीत असतात. तालुक्याला उर्दू वाचणारे निवृत्त शिक्षक असतात, त्यांना सोबत न्या. १९५४चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, तीही पाहा. एका भावाचा दाखला निघाला की बाकीच्यांचा सोपा होतो, म्हणून सगळ्यात भक्कम पुरावा ज्याच्याकडं आहे त्याच्यापासून सुरुवात करा. काहीच सापडलं नाही तर स्थानिक चौकशीची लेखी मागणी करा.

घरकुलाला प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये १ लाख २० हजार रुपये मिळतात, शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. अनुसूचित जातीला रमाई, जमातीला शबरी. पण जागाच नसेल तर यातलं काहीच हलत नाही. जागेसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंत १ लाखाचं साहाय्य आहे. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, तिच्यात कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर मिळतं. हा प्रस्ताव वस्तीनं एकत्र द्यायचा असतो, म्हणून वीस कुटुंबांचे कागद एकाच वेळी पुरे झालेले हवेत. इथवरच्या वहीचं सगळं चीज इथं होतं.

मंजुरीनंतर घर जोत्यावर अडकतं. पहिला हप्ता १५ हजारांचा येतो, तो जुन्या उचलीत किंवा दवाखान्यात जातो, आणि पुढचा हप्ता काम दाखवल्याशिवाय सुटत नाही. रोख मदत करू नका. पाया खणायला रविवारी दहा माणसं, टँकरभर पाणी, उसने फळ्या-बांबू, आणि ओळखीच्या दुकानात सिमेंटची हमी एवढं द्या. जोतं एप्रिल-मेमध्ये झालंच पाहिजे. पावसात काळ्या मातीत पाया खणता येत नाही आणि दसऱ्याला कुटुंब ऊसतोडीला निघून जातं.

दसऱ्याआधीचा आठवडा

बीड, धाराशिव, जालना भागात काम करणाऱ्यांसाठी हा वर्षातला सगळ्यात धावपळीचा आठवडा. ट्रक भरायच्या आधी चार गोष्टी व्हायला हव्यात.

रेशन कार्ड देशात कुठंही चालतं. कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात फडावर असलेलं कुटुंब तिथल्या दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतं. अडचण अशी की त्याच कार्डावर गावी म्हातारे आणि एखादं नातवंड राहतं. तिकडं पूर्ण धान्य उचललं की इकडं मशीन शून्य दाखवतं. निघण्याआधीच ठरवा, कुठं किती किलो उचलायचं. कागदावर लिहून एक चिठ्ठी म्हातारीकडं द्या आणि एक लेकाकडं.

शाळकरी लेकरांना हंगामी वसतिगृहात ठेवता येतं, आजी-आजोबा असतील तर. मुख्याध्यापकांकडं यादी आधीच द्या. सोबत जाणाऱ्या लेकराला शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून घ्या. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याच पिशवीत हवं.

कागदांचे दोन संच करा. झेरॉक्स पत्र्याच्या डब्यात गावी, मूळ कागद जाड प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत सोबत. मुकादमाकडं ठेवायला देऊ नका. आणि वहीच्या पानावर तळाशी लिहून घ्या: कारखान्याचं नाव, गट, मुकादमाचा नंबर, टोळीतल्या शिकलेल्या माणसाचा नंबर, बाळंतपणाची तारीख, आणि त्या बाईचं कुठलं बोट मशीनवर चालतं ते.